शारदा कायदा आणि देवल : एक दुरुस्ती, जरा लांबलेली

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या संगीत नाटकांवर अख्खं पान आलं होतं, छान होतं, आमच्या घरात दोघांनी वाचलं आणि तिसऱ्याने फोटो काढून नातेवाईकांना पाठवलं. पण त्यात गोविंद बल्लाळ देवलांच्या वाट्याला आली एक चौकट, आणि त्या चौकटीतल्या सात-आठ ओळींपैकी तीन ओळी एकाच गोष्टीवर खर्च झाल्यात, की त्यांच्या 'शारदा' नाटकाने समाज एवढा हलला की इंग्रज सरकारला बालविवाहाविरुद्ध कायदा करावा लागला आणि कायद्याचं नावही 'शारदा कायदा' असंच पडलं. हे चूक आहे. साफ चूक. आणि एकट्या तुमचीच चूक आहे असंही नाही, मी शाळेत असताना आमच्या मास्तरांनी हेच सांगितलेलं, मी स्वतः पुढे तीसेक वर्षं लोकांना हेच सांगत आलो, एकदा तर नाटकाची घंटा व्हायच्या आधी माईकवरून सांगितलंय आणि त्यावर टाळ्या घेतल्यात. तेव्हा आधी माझ्या माथ्यावरचं पाप उतरवतो आणि मग तुमच्याकडे वळतो.

तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाचा आहे. हे अजमेरचे, तेव्हाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात होते, १९२७ साली त्यांनी विधेयक आणलं, १९२९ ला ते पास झालं आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालं. मुलीचं लग्नाचं वय १४ आणि मुलाचं १८. सारडा हे आडनाव आपल्याकडेही गावोगावच्या मारवाडी घरांत आहे, पण इंग्रजीत छापलेलं मराठी माणसाने वाचलं की त्याची शारदा व्हायला वेळ लागत नाही, त्यात पुन्हा शारदा नावाची नाटकातली मुलगी आपल्या डोक्यात आधीपासून बसलेली, विषयही लग्नाचाच, मग काय, जमली जोडी. देवल वारले १४ जून १९१६ ला. म्हणजे कायदा पास व्हायच्या १३ वर्षं आधी. आणि मराठी माणसाला त्यात श्रेय द्यायची एवढीच हौस असेल तर ते अमरावतीच्या सर मोरोपंत जोशींना द्या की, संमतीवयाच्या, म्हणजे मुलीची शरीरसंबंधाला संमती कुठल्या वयापासून धरायची या प्रश्नावर १९२८ साली सरकारने जी कमिटी नेमली तिचे ते अध्यक्ष होते, जोशी कमिटी म्हणूनच ती ओळखली जाते. त्यांची चौकट कोणी छापत नाही.

बरं, नुसता नावाचा घोळ असता तर मी दोन ओळींचं पत्र टाकून गप्प बसलो असतो. पण खरी गंमत पुढे आहे. हा कायदा आणि हे नाटक यांचा विषयसुद्धा एक नाहीये!

कायदा आहे बालविवाहाचा, म्हणजे लहान वयात लग्न. नाटक आहे जरठ-कुमारी विवाहाचं आणि कन्याविक्रयाचं. कांचनभट नावाचा एक लोभी बाप, त्याची मुलगी शारदा, पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ आणि मधे लग्न जुळवून देणारा दलाल भद्रेश्वर दीक्षित. बाप पैशाच्या लोभाने पोरगी म्हाताऱ्याला द्यायला निघालाय, हे दुखणं आहे. आता १९२९ चा कायदा घ्या आणि भुजंगनाथाला लावून बघा. नवऱ्यामुलाचं वय कमीत कमी १८ पाहिजे, भुजंगनाथ तर त्याच्या चौपट, पास! मुलीला १४ पूर्ण आहेत का? असतील तर कायद्याची काही हरकत नाही, लावा मंगलाष्टकं. कायद्यात वराच्या वयाला वरची मर्यादाच नव्हती. वधू चौदाच्या आतली निघाली तरी नवऱ्याला जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लग्न मोडत नव्हतंच, ते पक्कंच राहायचं. म्हणजे ज्या नाटकामुळे कायदा झाला म्हणून आपण ऊर बडवतो त्या नाटकातला खलनायक त्या कायद्याच्या समोरून मुंडावळ्या बांधून वाजतगाजत गेला असता.

भुजंगनाथासारख्यांना अडवणारा कायदा होता, पण तो आपल्याकडे नव्हता. म्हैसूर संस्थानाने १८९४ सालीच केला होता, की आठ वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावायचं नाही आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदाच्या आतल्या मुलीशी लग्न करायचं नाही. हे नाटकाच्या पाच वर्षं आधी! १८९१ चा संमतीवयाचा कायदा, जो दहाचं वय बारा करण्यासाठी होता आणि ज्याच्यावरून पुण्यात टिळक आणि सुधारक यांची एवढी जुंपली, तोही आधीचाच. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं १८८९ ला, ही आणखी एक शारदा, तीही या घोळात कधीकधी येऊन पडते. सांगायचा मुद्दा, देवलांनी 'शारदा' लिहिलं तेव्हा हा वाद दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर चालू होता, वर्तमानपत्रं त्यानेच भरलेली असायची. देवलांनी वाद सुरू केला नाही. त्यांनी तो तिकीट काढून बघण्यासारखा केला, आणि ते कायदा करण्यापेक्षा काही कमी अवघड काम नाही.

आता तुमच्या चौकटीत जे नाही त्याकडे येतो. देवल नट होते आणि तालीम मास्तर होते हे त्या चौकटीत एका शब्दानेही नाही. 'शारदाकार' म्हणजे जणू कोणी टेबलाशी बसून समाजसुधारणेचे निबंध लिहिणारे गृहस्थ. अहो त्यांचं अख्खं आयुष्य विंगेत गेलं!

जन्म १३ नोव्हेंबर १८५५. बालपण सांगलीजवळच्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमावर. थोरले भाऊ कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर, पण नाद सगळा गाण्याचा, बावीस श्रुतींवर त्यांनी १९१० मधे इंग्रजीत पुस्तक लिहिलं, म्हणजे घरातच सूर आणि हिशोब दोन्ही होते असं दिसतं. धाकटे गोविंदराव शिकायला बेळगावात गेले आणि तिथे त्यांना शिक्षक कोण भेटावं, तर अण्णासाहेब किर्लोस्कर. ज्यांनी १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाला जन्माला घातलं ते हेच. शाळेत मास्तर, नाटकातही मास्तर. देवलांनी काही काळ शिक्षकी केली, पुण्याच्या आर्योद्धारक मंडळींच्या नाटकांत काम केलं, मग अण्णासाहेबांच्या मंडळीत आले. नोव्हेंबर १८८५ मधे अण्णासाहेब गेले, वय अवघं ४२. मागे राहिलेल्या मंडळीला नाटकं पाहिजेत आणि नटांना बसवणारा माणूस पाहिजे. देवलांचं लिहिणं कुठून आलं ते इथे बघा. लगेच १८८६ ला 'दुर्गा', १८८७ ला 'मृच्छकटिक', १८८९ ला 'विक्रमोर्वशीय', १८९० ला 'झुंझारराव', १८९३ ला 'शापसंभ्रम' आणि त्याच साली 'फाल्गुनराव', जे पुढे 'संशयकल्लोळ' झालं. आणि १८९९ ला 'शारदा', पहिला प्रयोग इंदूरला. एकूण सात. सातांतलं स्वतःच्या कथानकाचं एकच, शारदा. बाकी सगळी कुठून ना कुठून घेतलेली, संस्कृतातून नाहीतर इंग्रजीतून.

ह्या 'घेतलेली' वर बरेच विद्वान नाक मुरडतात. मला त्यांच्याशी भांडायचंय. 'झुंझारराव' म्हणजे शेक्सपियरचा 'ऑथेल्लो', पण तो शाहूनगरवासी मंडळींच्या गणपतराव जोशींनी उभा केला आणि तालीम दिली देवलांनी. लिहितानाच हे वाक्य गणपतरावांच्या तोंडून कसं येईल, कुठे दम घेतील, कुठे पुढे सरकतील, हे ज्याला दिसतंय त्याने कथानक उसनं घेतलं काय आणि घरचं वापरलं काय. 'संशयकल्लोळ' तर मूळ मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, तेही मागे जाऊन पोचतं फ्रेंच मोलिएरला, पण सांगा बरं वाचताना कुठे वास येतो का? पात्रांची नावं घ्या. फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या हे पुरुष म्हणजे महिने, आणि रेवती, कृत्तिका, रोहिणी ह्या बायका म्हणजे नक्षत्रं. पंचांग उघडून बसले असणार आणि स्वतःशीच हसले असणार. बायकोवर संशय घेणाऱ्या माणसाचं नाव फाल्गुनराव ठेवायचं, म्हणजे शिमग्याचा महिना, यातच अर्धं नाटक झालं. रस्त्यात चक्कर आलेली बाई, तिला सावरणारा परका गृहस्थ, माडीवरून बघणारी बायको आणि एक तसबीर, बस्स एवढ्या सामानावर तीन तास. आणि घेतलेलं असूनही घरोघरचं.

पण मला खरं सांगायचंय ते तालमीबद्दल.

मी स्वतः नोकरी करत असताना आमच्या हपिसातल्या नाट्यवेड्यांनी 'शारदा' बसवलं होतं. मी भद्रेश्वर दीक्षित. गाणं नाही म्हणून तो रोल मला, सरळ हिशोब. बसवायला जे गृहस्थ आणले ते तेव्हाच सत्तरीच्या पुढे होते, जुन्या नाटक कंपनीत पोरवयात राहिलेले, धोतर, पांढरा सदरा, आणि तालमीत चहा पिऊ द्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी पेटीवाला पेटी उघडून बसला तर म्हणाले ती मिटा. आणि ज्या मुलीच्या वाट्याला नवऱ्यामुलाचं वर्णन करणारं ते प्रसिद्ध पद होतं, 'म्हातारा इतुका न, अवघें पाऊणशें वयमान', तिला म्हणाले हे गाऊ नको, बोल. ती बोलायला लागली तर सुरातच बोलायची, लहानपणापासून ऐकलेलं ना सगळ्यांनी, 'इतुका न' हे एका दमात, त्या 'न' चं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही, तो नुसता सम गाठायला ठेवलाय असंच आम्ही समजत होतो. तिला त्यांनी पंधरा-वीस वेळा थांबवलं, ती रडकुंडीला आली. शेवटी ती चिडून म्हणाली, म्हातारा? छे, इतका नाही हो, अवघं पाऊणशे! आणि आम्ही सगळे खो खो हसलो. तो 'न' म्हणजे 'नाही'. एवढा काही म्हातारा नाही, फक्त पंचाहत्तर. हा विनोद तिथे शंभर वर्षं पडून होता आणि आम्ही त्याच्यावर ताना घेत होतो.

मग त्यांनी पुढच्या ओळी उलगडल्या. 'दंताजीचें ठाणें उठलें'. ठाणं उठणं म्हणजे फौजेची छावणी हलणं, तोंडातून दातांची फौज तळ उठवून निघून गेली. मान कशी, तर 'नन्ना म्हणते', म्हणजे म्हातारपणाने मान हलतेय ती सारखी नाही-नाही म्हणतेय. कंबर, तर कमान. म्हणाले, अरे हे पद नाहीये, ही नटाला दिलेली सूचना आहे, दात, मान, कंबर, एकेक अवयव घेऊन बसवलाय, भुजंगनाथाने पुढच्या प्रवेशात कसं चालायचं ते आधीच गाण्यात सांगून टाकलंय, प्रेक्षकाने मनात म्हातारा तयार केला की मग खरा म्हातारा आत येतो. मी तेव्हा पस्तिशीचा होतो आणि मला त्या क्षणी कळलं की हे लिहिणारा माणूस विंगेत उभा राहून लिहितोय.

मला त्यांनी काय सुनावलं तेही सांगतो, लाज काय त्यात. मी दीक्षित एकदम लबाड करायचो, डोळे मिचकावून, हात चोळून, लोक हसायचे म्हणून मी अजून चोळायचो. दोन दिवस बघून म्हणाले, तुमचा दीक्षित खोटं बोलतो हो. मी म्हटलं दलालच आहे तो, खोटंच बोलणार. तर म्हणाले, नाही, त्याला ते खरं वाटतं, तो पोरीचं कल्याणच करतोय, श्रीमंताचं घर मिळतंय, आणखी काय पाहिजे, तो मनापासून बोलतो म्हणून तर कांचनभट फसतो, डोळे मिचकावणाऱ्याला कोण पोरगी देईल. मी हात चोळायचं बंद केलं आणि हसणं निम्म्यावर आलं, पण प्रयोगानंतर एक बाई येऊन मला म्हणाल्या, तुमचा भयंकर राग आला हो. पेटीच्या भात्याने ऐन पहिल्या प्रयोगात दम सोडला होता आणि अख्खा दुसरा अंक आम्ही जवळजवळ बिनपेटीचा केला, तरी त्या बाईंचं ते वाक्य मला जास्त लक्षात आहे.

ही जी पद्धत, आधी अर्थ मग सूर, आधी माणूस मग हातवारे, ही कुठून आली? आमच्या त्या गृहस्थांना ती त्यांच्या कंपनीतून आली, कंपनीला तिच्या आधीच्यांकडून, आणि असं मागे मागे जात राहिलं की दोरा देवलांच्या तालमीशी जाऊन पोचतो. गणपतराव जोशी त्यांच्या हाताखालून गेले, भाऊराव कोल्हटकर गेले, बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत नवखे होते तेव्हा त्यांना अभिनय शिकवणारे हेच, आणि गणपतराव बोडस तर देवलांचे शिष्य म्हणूनच ओळखले जात. म्हणजे गद्यातला सगळ्यात मोठा नट, पद्यातला सगळ्यात मोठा नट आणि हसवणारा सगळ्यात मोठा नट, तिघांचा मास्तर एक! हे चौकटीत यायला पाहिजे होतं की नको? तालमीचा कागद शिल्लक राहत नाही, नाटकाचं पुस्तक राहतं, म्हणून देवल पुस्तकावरून मोजले जातात, आणि मग पुस्तकं तर सातच आणि त्यातली सहा उसनी, म्हणून कुठून तरी एक कायदा आणून त्यांच्या नावावर टाकावा लागतो.

आणि एक सांगतो, 'शारदा' मधे मला न पटणारी गोष्टही आहे, उगाच आरती ओवाळत बसत नाही. लग्न लागत असताना कोदंड नावाचा तरुण येऊन ते थांबवतो तो कशावरून, तर वधूवर सगोत्र आहेत! म्हणजे पंचाहत्तरीच्या माणसाला पोरगी विकतायत यावर कोणाचं काही म्हणणं नाही, पण गोत्र एक म्हटल्याबरोबर सगळे हबकले. मग अर्धवट लग्न झालेल्या पोरीशी कोण लग्न करणार म्हणून ती जीव द्यायला नदीकडे जाते, कोदंड वाचवतो, आणि शेवटी शंकराचार्यांची आज्ञा येते तेव्हा त्या दोघांचं जमतं. कोदंड एवढा नव्या विचारांचा, पण जिंकतो जुन्या शास्त्राच्या खुंटीवर. तरुणपणी मला हा पळपुटेपणा वाटायचा. अजूनही पुरता पटत नाही. पण नटाच्या बाजूने बघितलं तर असं वाटतं की समोर बसलेला १८९९ चा प्रेक्षक, त्यातले किती भुजंगनाथ आणि किती कांचनभट पहिल्या रांगेत तिकीट काढून बसलेले असतील, त्यांना उठून जाऊ द्यायचं नसेल तर त्यांच्याच हातातली काठी घेऊन त्यांना मारावं लागणार. अण्णासाहेबांच्या शिष्याला प्रेक्षक कळत होता. आणि नाटकानंतर भुजंगनाथ हे नाव राहिलंच नाही, ती शिवी झाली, अजूनही आहे. कुठल्या कायद्याला हे जमलंय?

शेवटचं साल पण बघा. 'फाल्गुनराव' १८९३ चं गद्य नाटक, त्यात तेवीस वर्षांनी देवलांनी गंधर्व मंडळीसाठी पदं घातली आणि त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं ते १९१६ मधे, आणि त्याच वर्षी जूनमधे ते गेले. साठीत. बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती लोकांनी पुढे वर्षानुवर्षं पाहिली. शिष्य कामाला लागले आणि मास्तर उठून गेले. १४ जूनला दरवर्षी नाट्य परिषद त्यांचा स्मृतिदिन करते, पुरस्कार देते, फोटोला हार घालते, ते चांगलंच आहे. पण भाषणांत दरवर्षी कोणीतरी उठून तो कायदा काढतंच. मी एकदा असाच मागच्या खुर्चीवरून हात वर केला होता, तर आभारप्रदर्शन सुरू झालं.

मागच्या वर्षी हरिपूरला जाऊन आलो. संगमेश्वराचं देऊळ, घाट, पलीकडून वारणा येऊन मिळते ते पाणी, संध्याकाळी कोणी नसतं तिथे. पूर्वी या गावात हळद साठवायची पेवं होती जमिनीखाली, शेकड्यांनी, २००५ च्या पुराने त्यांची पार वाट लावली असं गावातले सांगत होते. शारदा जीव द्यायला जाते ती नदी म्हणजे माझ्या डोक्यात कायम हीच. घाटाच्या पायऱ्यांवर दोन कॉलेजातली पोरं बसली होती, त्यांना म्हटलं देवल माहितीयेत का, तर एक म्हणाला हो, शारदा कायदावाले. मी कपाळाला हात लावला, पण मग बसलो तिथेच अर्धा तास आणि त्यांना 'इतुका न' सांगितलं. हसले. दुसऱ्याने विचारलं, काका, पाऊणशे म्हणजे किती.

तर संपादक महाशय, विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच मापाच्या चौकटीत, दुरुस्ती छापावी. कोपऱ्यात बारीक टायपात नको. सारडा अजमेरचे, कायदा १९२९ चा, देवल १९१६ ला वारले, एवढं लिहिलंत तरी पुरे, आणि जागा उरली तर देवल हे नट आणि तालीम मास्तर होते ही एक ओळ घाला. पत्र लांबलं, कात्री लावणार हे मला माहितीय, लावा, पण तालमीचा भाग ठेवा आणि माझं हात चोळणं काढलंत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार आणि माजी भद्रेश्वर दीक्षित

ता. क. : माझं वय आता ६८. म्हणजे भुजंगनाथ व्हायला अजून सात वर्षं आहेत, तोपर्यंत कोणी 'शारदा' बसवत असेल तर तो रोल करायची इच्छा आहे. मेकअपचा खर्च वाचेल. मान आपोआप नन्ना म्हणायला लागलीच आहे.